एकसष्टावी तळटीप

३ फेब्रुवारी, सोमवार

वही घेऊन महिना झाला, पहिलं पान आज उघडलं. इतके दिवस लिहिण्यासारखं जे होतं ते लिहायची लाज वाटत होती. आमच्या लॉ कॉलेजचं जर्नल मागच्या सहामाहीत निघालंच नाही. वर्षाला दोन अंक, सगळा कारभार विद्यार्थ्यांचा, आणि मुख्य संपादक मी, शेवटच्या वर्षाची. प्राध्यापक मंडळी लेख पाठवतात आणि ते घ्यायचे की परत पाठवायचे हे आम्ही ठरवतो. आईला हे अजून पटलेलं नाही. ती म्हणते, जे तुम्हाला मार्क देतात त्यांच्याच वह्या तुम्ही तपासता, हा कुठला उलटा कारभार.

पण आज मोठ्या सरांचा लेख आला. मोठे सर म्हणजे इथेच वीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, ज्यांचे विद्यार्थी आता न्यायाधीश आहेत असे. लेखावरचं नाव खोडून मगच तो वाचायला द्यायचा असा आमचा नियम आहे. घड्याळने इमानदारीत नाव खोडलं. (घड्याळ हा माझा वर्गमित्र, छपाईचं बघतो, आणि ‘नमस्कार’ऐवजी अंकाला उरलेले दिवस सांगतो, आज ‘अजून पस्तीस दिवस’.) पण तिसऱ्याच तळटिपेत ‘पाहा: प्रस्तुत लेखकाचे पूर्वीचे सहा लेख’ असं होतं. सगळ्यांनी ओळखलं आणि सगळ्यांनी न ओळखल्याचा चेहरा केला.

विषय बघून मी खुर्चीतून उठलेच. भाडेकरूला घर सोडायची नोटीस द्यायची आहे, तो घरी नाही, दाराला कुलूप. मग नोटीस दारावर डकवली की ती त्याला मिळाली असं धरायचं का? गेल्या वर्षी माझं टिपण नेमकं ह्याच प्रश्नावर होतं, आणि त्या टिपणामुळेच मी संपादक झाले. सर माझ्या गल्लीत आले म्हणायचे. त्यांच्या एकशे त्रेचाळीस तळटिपा मी वरून खाली बोट फिरवत पाहिल्या. माझं नाव कुठेच नाही. वाचलं नसेल त्यांनी.

वाईट वाटून घ्यायला वेळ नाही. वरच्या कोर्टातल्या एका न्यायमूर्तींकडे संशोधन सहायकाची एकच जागा आहे, मुदत १० मार्च. अर्जासोबत स्वतःच्या लेखनाचा छापील नमुना आणि वजनदार माणसाचं शिफारसपत्र, दोन्ही हवं. नमुना म्हणजे माझं टिपण, ते मी पाठवलंही. पत्राचं सर आपणहून म्हणाले, ‘अंक निघाला की देतो.’ मला ही जागा हवी आहे. इतकी हवी आहे की जेवताना घास हातात धरून मी तिसरंच काहीतरी बघत बसते, असं आई म्हणते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

संपादक मंडळाची बैठक. सरांचा निरोप आला होता की दुसऱ्या एका जर्नलनं लेख घेतल्यात जमा आहे, तुमचं काय ते संध्याकाळपर्यंत कळवा. ही जुनी युक्ती आहे आणि ती दरवेळी चालते. एक जण म्हणाला, लेख म्हणजे जुनाच माल, नवी वेष्टनं. मी त्याला पंधरा मिनिटं धुतला. नऊ विरुद्ध दोन मतांनी लेख पास.

विरोधातलं एक मत कंपाउंडरताईंचं. त्या दुसऱ्या वर्षाला आहेत, वय बेचाळीस. त्याआधी पंधरा वर्षं औषधांच्या दुकानात होत्या, म्हणून हे नाव. त्यांना कोणा अनोळखी व्याख्यातीचा लेख आवडला होता. त्या बाईनं कोर्टाच्या बेलिफांसोबत चार महिने फिरून नोटिसा कशा पोचतात ते लिहिलंय. लेख घेतला, पण शेवटी टाकला. कोण वाचणार बेलिफांचं?

आजची खरी गंमत वेगळीच. एका वकिलांचं कार्ड आलं. घरमालकाच्या बाजूने त्यांनी एक खटला चालवला, त्यात माझ्या टिपणाचा आधार दिला आणि कोर्टाने तो निकालात उचलला. ‘आपले शतशः आभार.’ माझे शब्द, कोर्टाच्या निकालात. मी ते कार्ड जर्नलच्या खोलीत फळ्यावर टाचणीनं लावलं आणि दिवसभर कारण नसताना त्या खोलीत जात राहिले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तळटिपांची तपासणी सुरू. आमच्याकडे हेच खरं काम. लेखक कितीही मोठा असो, प्रत्येक तळटिपेतलं पुस्तक उघडायचं, ते पान काढायचं, शब्दाला शब्द लावून बघायचा, त्या पानाची झेरॉक्स फाइलला लावायची आणि मग तळटिपेसमोर पेन्सिलीनं बरोबरची खूण आणि सही. गेल्या वर्षी हा विभाग माझ्याकडे होता आणि मी फार कडक होते, असं सगळे म्हणतात.

पन्नास ते ऐंशी कंपाउंडरताईंना दिल्या. त्या फार सावकाश काम करतात. बाकीचे दिवसाला वीस खुणा करतात, ह्या सहा करतात आणि डबा खातात. घड्याळ म्हणाला, ताई गोळ्या मोजतायत. मी हसले, पण आतून चिडचिड होत होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी ताई माझ्या टेबलाशी आल्या. एकसष्टाव्या तळटिपेत सरांनी एका जुन्या निकालातलं वाक्य दिलंय, पान २१४. त्या पानावर ते वाक्य नाहीच, ते आहे पान २४१ वर. मी म्हटलं, आकडे उलटे पडलेत, दुरुस्त करा आणि खूण करा. त्या गेल्या नाहीत.

“तू हा निकाल पूर्ण वाचलास का गं?”

मी म्हटलं, ताई, तो मला तोंडपाठ आहे, आणि ते वाक्य म्हणूनही दाखवलं. ‘बंद दार हीच नोटिशीची पोच.’ माझ्या टिपणाची सुरुवातच ह्या वाक्यानं होते. कायद्यात इतकं देखणं वाक्य वर्षातून एखादं सापडतं. सरांनाही तेच सापडावं, म्हणजे चांगल्या वाचकांचे डोळे सारखेच जातात.

ताईंनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, “बरं. मी उद्या परत येते.” ह्यात उद्या यायचं काय काम आहे, देव जाणे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घड्याळनं सांगितलं, तेवीस दिवस. सगळ्या तळटिपांवर खुणा झाल्या, एकसष्ट सोडून. ताई खूणही करत नाहीत आणि फुलीही मारत नाहीत. फाइलला नुसती चिठ्ठी लावून ठेवतात: ‘संपादकांनी स्वतः पाहावे.’

मी आज आवाज चढवला. सगळ्यांसमोर विचारलं की अडचण काय आहे ते एकदा सांगा ना. त्या शांतपणे म्हणाल्या की ते वाक्य कोर्टाचं आहे असं त्यांना वाटत नाही. कोर्टाचं नाही तर काय शिपायाचं आहे, असं मी बोलून गेले. खोलीतले दोघेतिघे हसले. ताई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी शेहेचाळीस पानांचा अख्खा निकाल झेरॉक्स करून, कोपऱ्यात पिन मारून माझ्या टेबलावर ठेवला. “उद्या रविवार आहे. निवांत वाच.”

माझ्या आयुष्यात निवांत नावाची गोष्ट १० मार्चनंतर येणार आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

वाचायला घेतलं, पण कंटाळा आला. पोत्यानं मजकूर. मग सरळ पान २४१ काढून बाबांना वाचून दाखवलं. बाबा एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते, न्यायाधीश सांगायचे आणि ते उतरवून घ्यायचे. वाक्य ऐकून त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“हे साहेबांचं नाही. हा वकील बोलतोय.”

मी विचारलं, कशावरून? ते म्हणाले, न्यायाधीश वकिलाचं म्हणणं सांगायला लागले की सुरुवातीला एकदाच ‘असा युक्तिवाद केला की’ म्हणतात. त्यानंतर चार पानं जे येतं ते सगळं वकिलाचं. ‘माझ्या मते’ येईपर्यंत एक शब्द साहेबांचा नसतो. बाबा अशा वेळी वहीच्या समासात उभी रेघ ओढायचे, म्हणजे टाइप करताना घोळ नको. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, पानं उलटी चाळत गेले आणि पान २३८ वर थांबले. ‘घरमालकाच्या विद्वान वकिलांनी असा युक्तिवाद केला की.’ तिथून रेघ ओढत आले ती थेट २४३ पर्यंत. तिथे ‘माझ्या मते हा युक्तिवाद स्वीकारता येत नाही.’

म्हणजे कोर्टानं ते वाक्य नुसतं नोंदवलं आणि मग फेटाळलं. माणूस कुठे गेलाय ह्याची शेजारी चौकशी न करता दारावर नोटीस डकवली तर ती बजावली असं धरता येणार नाही, असा निकाल आहे. अगदी उलटा.

मोठ्या सरांनी एवढी मोठी चूक करावी! मला खरं सांगायचं तर आनंद झाला. एवढा मोठा माणूस आणि अशी गफलत, आणि ती आमच्या जर्नलनं पकडली. बाबा मात्र विचारत होते, “हे वाक्य तू मागेही मला वाचून दाखवलं होतंस का गं?” मी म्हटलं, असेल. जेवणानंतर तडक सरांना पत्र लिहायला बसले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पत्र गेलं. दोन पानी, नम्र पण ठाम. ‘आमच्या तपासणीच्या परंपरेस अनुसरून’ वगैरे. ताईंना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “एवढंच?” मी म्हटलं, अजून काय हवंय, सरांना उठाबशा काढायला लावू? त्यांनी कागद परत दिला. ह्या बाईला कौतुक करता येत नाही.

रात्री दोनदा मेल तपासला. उत्तर नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हे सरळ लिहायचं ठरवलंय, म्हणून सरळ लिहिते.

सरांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, लाड होता.

“हे बघ बाळ, ते वाक्य मी तुझ्याच टिपणातून घेतलं. तुम्ही मुलं एवढी कडक, म्हटलं तपासलेलं असणार. आता चुकलं म्हणतेस, तर आधी कोण चुकलं?”

मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. ते पुढे म्हणाले, असं होतं, सगळ्यांचं होतं, उगाच गवगवा नको. वाक्य राहू दे, दोघांचंही झाकलेलं राहील. आणि मग, जाता जाता सांगावं तसं: “तुझं शिफारसपत्र मी लिहून ठेवलंय. सही करून पाकिटात घातलंय.”

मी ‘बरं सर’ म्हणाले. मी खरंच ‘बरं सर’ म्हणाले. पुढे कधी मी हे कोणाला सांगितलं तर मी लगेच बाणेदार उत्तर दिलं असं सांगेन, म्हणून इथे लिहून ठेवते. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. पाकिटात घातलंय म्हणाले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

एका जागी बसवत नाही. वर्गात गेले, मधूनच उठून आले. ग्रंथालयात तीन टेबलं बदलली. कपाटातून गेल्या वर्षीची फाइल काढली, परत ठेवली, परत काढली.

माझ्या फाइलमध्ये त्या निकालाची झेरॉक्स पान २४० पासून सुरू होते आणि २४२ वर संपते. एका मैत्रिणीकडे होती त्याचीच प्रत मी घेतली होती. त्याच्या आधीची आणि पुढची पानं कधी बघितलीच नाहीत. ‘असा युक्तिवाद केला की’ २३८ वर आहे. आणि माझ्या टिपणातला पानाचा आकडा २१४. सरांनी शब्द घेतला, आकडा घेतला, चूकसुद्धा जशीच्या तशी घेतली. पुस्तक उघडलंच नाही. आणि मी त्यांना परंपरा शिकवत होते.

तळटिपेसमोर बरोबरची खूण आहे, आणि खाली सही. सही माझी आहे. तपासणी विभाग माझ्याकडे होता, त्यामुळे माझं टिपण मीच तपासलं. एवढी मोठी खूण केलीय, शेपटी ओळीबाहेर गेलेली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईंना जिन्यात गाठलं. विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

“बारा तारखेपासून. २१४ चा आकडा सरांकडे कुठून आला ते शोधत गेले, तर आपल्याच अंकात सापडला.”

मग बोलला का नाहीत, मला सगळ्यांसमोर का बोलू दिलंत, असं मी भांडल्यासारखं विचारलं. त्या पायरीवर बसल्या, मलाही बसवलं. म्हणाल्या, दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीत चूक दिसली की त्या फोन करून चूक सांगत नसत. चिठ्ठी परत पाठवायच्या आणि म्हणायच्या, कृपया एकदा वाचा. आपण चूक सांगितली की डॉक्टर चिडून तेच औषध पुन्हा लिहितात. स्वतः वाचलं की गपचूप बदलतात.

“मी गपचूप बदललं तर?”

“गोळी पोटात गेली नसेल तर चालतं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फळ्यावरच्या कार्डाचं नाव काढलं.

मला तोपर्यंत ते सुचलंच नव्हतं. दोन दिवस माझं टिपण, माझा अर्ज, माझं पाकीट एवढंच डोक्यात होतं. कोणाचं तरी घर त्या वाक्यावर गेलं होतं आणि मी त्याची पावती टाचणीनं फळ्यावर लावली होती. मला खूप लाज वाटली. जिन्यातून येणारीजाणारी पोरं बघत होती आणि मी रडत होते. ताईंनी डब्यातलं पाणी दिलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कार्डवाल्या वकिलांना फोन केला. ते इतके खूश होते की मला बोलताच येईना. मग एका दमात सांगितलं. मग ते म्हणाले, “बाई, निकाल लागला. आता हे तुम्ही मला का सांगताय?” पण समोरच्या बाजूच्या वकीलबाईंचा नंबर त्यांनी दिला. का दिला माहीत नाही, पण दिला.

वकीलबाईंनी सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला तो हा की हे छापून देता का. अपिलात मूळ निकाल त्या जोडणारच आहेत. पण खालच्या कोर्टानं माझ्या टिपणाचं नाव घेऊन लिहिलंय. ज्यांनी लिहिलं त्यांनीच ते मागे घेतलं, असा छापील कागद असला तर काम सोपं होईल. अपिलाची मुदत ११ मार्च.

भाडेकरू शिंपी आहेत. नोटीस डकवली तेव्हा ते नऊ दिवस मुलीजवळ इस्पितळात होते. दोन दारं सोडून राहणाऱ्यांना हे माहीत होतं. त्यांना कोणी विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सल्लागार मॅडमना (आमच्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्राध्यापिका) सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, ओरडल्या नाहीत. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात शुद्धिपत्र द्या, सगळी जर्नल्स तसंच करतात, असं म्हणाल्या. मी म्हटलं, पहिल्या पानावर द्यायचंय. त्या म्हणाल्या, विचार कर, नोकरी शोधायच्या वर्षात स्वतःचं असं कोणी छापत नाही. आणि मग, “संपादक तू आहेस. मी सही करणार नाही आणि अडवणारही नाही.” ह्याला आधार म्हणायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही.

सरांना कळवलं: वाक्य काढावं लागेल, आणि त्यावर उभा केलेला लेखाचा तिसरा भागही. एका तासात उत्तर आलं. लेख मागे घेत आहे. इतर मजकूर काही नाही. म्हणजे पाकीटही गेलं.

घड्याळ अंक उघडून बसला होता. चौतीस पानांचं भगदाड. मी म्हटलं, बेलिफांचा लेख पहिला घे. तो म्हणाला, चालेल, त्याच्या सगळ्या तळटिपांवर ताईंची खूण आहे. तो लेख मी आज पहिल्यांदा नीट वाचला. चांगला आहे. फार चांगला आहे. ताईंना तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, हो, मी सहा तारखेलाच म्हटलं होतं.

१ मार्च, शनिवार

शुद्धिपत्राचा नववा खर्डा. वाक्य बसत नाही. ‘गतवर्षीच्या अंकातील टिपणात अनवधानाने एक त्रुटी राहून गेली आहे.’ बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, ह्यात कर्ता कुठंय? त्रुटी आपोआप राहून गेली होय? मी दुसरं वाचलं: ‘चूक झाली आहे.’ ते म्हणाले, एकतीस वर्षं मी हेच टाइप करत आलो. ‘विलंब झाला’, ‘कागद गहाळ झाला’. कोणी काही केलं असं एकदाही टाइप केलं नाही.

मग तिथेच बसून लिहिलं: ‘गेल्या वर्षीच्या टिपणात मी घरमालकाच्या वकिलाचं वाक्य कोर्टाचं म्हणून छापलं. कोर्टानं ते फेटाळलं होतं. मी निकाल पूर्ण वाचला नव्हता, आणि माझं टिपण मीच तपासलं.’ खाली नाव. वाचून दाखवलं. बाबांनी फक्त ‘निकाल’च्या आधी ‘मूळ’ घालायला सांगितलं.

५ मार्च, बुधवार

छापखान्यात प्रुफं. पहिलं पान बघवत नव्हतं म्हणून मागून वाचत आले.

दुपारी न्यायमूर्तींच्या कचेरीला कळवलं की मी पाठवलेला लेखनाचा नमुना कृपया विचारात घेऊ नये, तो चुकीचा आहे. दुसरं छापील काही माझ्याकडे नाही. अर्ध्या तासात उत्तर: अपूर्ण अर्जांचा विचार केला जात नाही. दोन ओळी. पहिल्यांदा वाटलं, निदान एक प्रश्न तरी विचारतील. मग वाटलं, कशाला विचारतील? माझ्या हाताखाली अर्ज असते तर मीही असंच केलं असतं.

आईनं विचारलं, आता काय? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, जेव मग. जेवले. रडले नाही. झोपही आली नाही.

१० मार्च, सोमवार

अंक काल संध्याकाळी बांधून आला. घड्याळनं पहिल्यांदा कुठलाच आकडा सांगितला नाही, नुसती प्रत हातात दिली. सकाळी दोन प्रती घेऊन वकीलबाईंच्या खोलीवर गेले. कोर्टाच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली, दोन खुर्च्या मावतील एवढी जागा. त्यांनी पहिलं पान वाचलं, मान हलवली आणि झेरॉक्सवर ‘खरी प्रत’ म्हणून माझी सही घेतली. मग शिक्का आणायला बाहेर गेल्या.

दुसऱ्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. साठीचे, खिशात मोजायची टेप. मी पेपर आणून देणारी कोणीतरी असेन असं त्यांना वाटलं. आपणहून बोलायला लागले. घर म्हणजे एक खोली, पुढे मशीन, मागे झोपायची जागा. एकवीस वर्षं तिथेच. मी मान डोलावत होते आणि मला तिथून पळून जायचं होतं.

“त्या दिवशी कोर्टात त्यांच्या वकिलानं पुस्तक दाखवलं,” ते म्हणाले. “मी बाईंना म्हटलं, छापलेलं आहे म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार.”

मी म्हटलं, “ते मी लिहिलं होतं.”

रागवतील असं वाटलं, रागवावं असंही वाटलं. त्यांनी वय विचारलं. मी सांगितलं. माझ्या धाकट्या मुलीएवढी, असं काहीसं ते पुटपुटले. मग टेबलावरच्या अंकाकडे बोट करून म्हणाले की ह्यात काय आहे ते वाचून दाखवा.

मी वाचलं. तीनच वाक्यं आहेत. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं, सावकाश. दुसऱ्यांदा वाचताना ‘मी मूळ निकाल पूर्ण वाचला नव्हता’ इथे मला थांबावं लागलं, ते थांबून राहिले, घाई केली नाही. मग विचारलं, म्हणजे आता खोली राहील का? मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. वरचं कोर्ट ठरवेल. हो म्हणायचा फार मोह झाला होता.

“हेही छापलेलंच आहे ना?”

“हो.”

“नाव कुठंय तुमचं?”

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पान खिडकीकडे धरलं आणि माझं नाव एकेक अक्षर लावत, आडनावापर्यंत वाचलं.